गवत कुणी कापलं, गंजी कुणाच्या परड्यात रचली?

गायरानावरच्या घरांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते. "गायरान म्हणजे गावाच्या गुरांचा घास, तो तुम्ही का खाता?" २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा हे वाक्य चावडीपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे फिरत होते. कोल्हापूर जिल्ह्यातही हजारो कुटुंबांच्या पोटात गोळा आला, मोर्चे निघाले. नोटिसा फक्त आपल्याच वस्त्यांना आल्या असे नाही. सर्व जातींचे गरीब त्यात होते आणि गायरान बळकावून बसलेले काही धनदांडगेही होते. पण गुरांच्या तोंडचा घास काढल्याचा ठपका मात्र बौद्धवाड्यावर, मातंग वस्तीवर आणि भटक्यांच्या पालांवर आला.

या ठपक्याला आपले कार्यकर्ते उत्तर देतात ते घराच्या हक्काचे, निवाऱ्याचे. ते बरोबरच आहे. पण गवताबद्दल आपण काहीच बोलत नाही. जणू गवत हा त्यांचा विषय आणि घर हा आपला. आमचे म्हणणे असे की गवताचाही एक इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपली माणसे पहिल्या पानापासून आहेत. विळा हातात घेऊन, डोक्यावर भारा घेऊन. नाहीत ती फक्त मालकीच्या रकान्यात.

आधी गवताचे गणित समजून घेऊ, कारण सगळे राजकारण त्या गणितातूनच निघते. आपल्याकडे गवत सरकारी पगारासारखे दरमहा येत नाही. ते जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकदम येते. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरउतारांवर तर इतके येते की गावातली सगळी जनावरे दिवसरात्र चरली तरी संपणार नाही. पूर्वेकडे हातकणंगले, शिरोळच्या बाजूला पाऊस कमी, तरी मुरमाड माळावरही श्रावण-भाद्रपदात गुडघाभर गवत असते. मग पाऊस थांबतो. गवत फुलोऱ्यात येते, बी धरते, पिवळे पडते, आणि शिमग्यापर्यंत माळ उघडा होतो. चार महिने उतू जाते आणि मार्च ते मे जनावर हाडांवर येते. म्हणजे पावसाळ्यातले जास्तीचे गवत जो साठवतो, त्याचे जनावर उन्हाळ्यात जगते. गावात दुभते कुणाच्या गोठ्यात राहील आणि कुणाला चैत्रात बाजार दाखवावा लागेल, हे बऱ्याच अंशी त्या गंजीवर ठरते.

साठवणे हे कष्टाचे काम आहे. गवत फुलोऱ्यात असते तेव्हा त्यात कस असतो, पण त्या वेळी पाऊस असतो आणि कापलेले वाळत नाही, कुजते. दसऱ्यानंतर ऊन पडते तेव्हा वाळते, पण तोवर कस उतरलेला असतो. कुसळी गवत असेल तर त्याची कुसळे जनावराच्या तोंडात आणि कापणाऱ्याच्या पायात रुततात. म्हणून कापणीचे दिवस मोजकेच मिळतात. त्या दिवसांत पुष्कळ हात एकदम लागतात. विळा चालवायचा, पेंढ्या बांधायच्या, भारे वाहायचे, पाणी आत उतरणार नाही अशी गंज रचायची. हे हात कुणाचे होते?

राज्यकर्त्यांना गवताची किंमत फार आधीपासून कळत होती. घोडदळावर उभ्या असलेल्या राज्यात गवत म्हणजे आजचे डिझेल. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत गेलेले पत्र बहुतेकांना ठाऊक असते ते रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका, या एका गोष्टीसाठी. त्याच पत्रात गवताबद्दल किती बारीक काळजी आहे ते फारसे कुणी सांगत नाही. दाणा-वैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील, दिव्याची वात उंदराने नेली तर गवत पेटेल, असा इशारा त्यात आहे. रयतेला ओरबाडू नका असे सांगणारा राजा विरळा, म्हणून ते पत्र मोठे. पण नियम काय होता? राज्याची राखीव कुरणे असायची आणि त्यांतले गवत कापायला आसपासच्या गावांतून वेठीची माणसे धरली जायची. पेशवाईत ही वेठ कुणाच्या डोक्यावर पडत असेल हे सांगायला इतिहास संशोधक लागत नाही.

गावपातळीवर हीच गोष्ट वतनाच्या नावाने चालली. महार वतनाचे वर्णन करताना बावन्न हक्कांची यादी अभिमानाने सांगणारे लोक आजही भेटतात. हक्कांची यादी सांगतात, कामांची सांगत नाहीत. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात ज्याला तराळ म्हणतात, त्याला दिवस आणि रात्र हा भेद नव्हता. सारा पोचवणे, सांगावा नेणे, चावडी झाडणे, सरहद्द दाखवणे, मेलेले जनावर ओढणे, आणि साहेब गावात मुक्कामाला आला की त्याच्या चुलीला लाकूड आणि घोड्याला गवत आणणे. हे गवत कुठून आणायचे, किती आणायचे, त्याचे दाम किती, काही ठरलेले नव्हते. साहेबाचे घोडे किती, यावर ते अवलंबून. एका माणसाने कमी पडले तर घरातला दुसरा, मग तिसरा. नाही म्हटले की बलुते बंद.

आता याच गावाच्या गायरानाकडे बघा. गायरान सगळ्या गावाचे, असे म्हणतात. पण चराईचा हक्क माणसागणिक कधीच नव्हता, तो जनावरागणिक होता. ज्याची वीस गुरे, त्याचे गायरानात वीस वाटे. ज्याच्या दारात एक शेळी, त्याचा एक. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याचा वाटा शून्य. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही कलम २३ मध्ये मोफत चराईचा हक्क गावच्या गुरांपुरता आहे. गुरांना हक्क आहे, गुरे नसलेल्या माणसांना नाही. म्हणजे जमीन सामायिक आणि लाभ खासगी. त्यातही विषमतेचे टोक असे की गायरानावर चरलेले जनावर जिवंत असेपर्यंत गावाचे, मेल्यावर ते महारवाड्याचे. दूध, शेण, बैलाचे बळ, वासरू हे सगळे एकीकडे आणि सडके मढे दुसरीकडे. बाबासाहेबांनी महाडनंतर मेलेली गुरे ओढू नका असे सांगितले, तेव्हा गावोगाव बहिष्कार का पडले ते या हिशोबात दिसते. गावाला फक्त एक घाण काम करणारा माणूस गमवायचा नव्हता. गुरे पाळण्याची सगळी व्यवस्थाच त्या फुकट माणसावर उभी होती.

महात्मा फुल्यांनी गायरानाचा प्रश्न १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडला आहे, हे पुष्कळांना वाचूनही लक्षात राहत नाही. थोड्या जमिनीच्या शेतकऱ्याचे पोट शेतावर भरत नसे, तो एखाद-दुसरी गाय, चार शेळ्या रानात चारून जगत असे. इंग्रज सरकारने जंगल खाते काढले आणि डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी, गायराने त्यात घातली, शेळीला रानातला वारासुद्धा मिळेनासा झाला, असा त्यांचा आरोप होता. ते १८७८ च्या वनकायद्यानंतरचे दिवस होते. जोतीरावांनी ही गोष्ट पर्यावरणाची म्हणून मांडली नाही, गरिबाच्या पोटाची म्हणून मांडली. (जर्मनीत १८४२ मध्ये तरुण मार्क्सने पडलेली लाकडे गोळा करणाऱ्या गरिबांवर चोरीचा शिक्का मारणाऱ्या कायद्यावर असेच आसूड ओढले होते. आपल्याकडच्या डाव्या मित्रांना ते पाठ असते, जोतीरावांचे नसते.)

कोल्हापूरकडे येऊ. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातली महार वतने नष्ट केली. वतनी जमिनी रयतावा करून ज्याच्या त्याच्या नावाने लावून दिल्या. ही सुधारणा आपण जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकतो. तिचा अर्थ गवताच्या भाऱ्यातून पाहिला की नीट कळतो. वतनाची जमीन साऱ्या भावकीत मिळून जराशी आणि चाकरी मात्र सगळ्यांच्या मानेवर, असा तो सौदा होता. महाराजांनी जमीन आणि चाकरी यांची गाठ सोडवली. जमीन तुझी, सारा भर, आणि साहेबाच्या घोड्याला गवत आणायचे तर आता तो तुझा धर्म नाही. वेठबिगारीविरुद्धचे त्यांचे हुकूमही याच काळातले. स्वतः राजे असून, पागा आणि शिकारीची राने बाळगणारे असून, ज्या फुकट श्रमावर सगळ्या संस्थानांच्या पागा चालत, त्याच श्रमावर त्यांनी घाव घातला.

पागेवरून गंगाराम कांबळे आठवतात. महाराजांच्या पागेत कामाला असलेला हा आपला माणूस. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना पैसे देऊन चहाचे हॉटेल काढायला लावले आणि स्वतः तिथे चहा प्यायले. ही गोष्ट आपण अस्पृश्यता निवारणाची म्हणून सांगतो. आमच्या मते त्यातला अर्थव्यवहार तेवढाच मोलाचा आहे. घोड्यांचे दाणापाणी, गवतशेण करणारा माणूस त्या पागेतून बाहेर पडून शहराच्या रस्त्यावर स्वतःच्या गल्ल्यावर बसला. पुढे मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत महाराजांनी बाबासाहेबांकडे बोट दाखवून तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असे सांगितले, ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते.

संस्थानात जे एका हुकमाने झाले त्यासाठी शेजारच्या ब्रिटिश मुलखात चाळीस वर्षे लागली. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. काम सरकारचे आणि मोबदला गावाच्या मर्जीवर, काम किती हे ठरलेले नाही, एकाच्या वतनासाठी अख्खे घर राबवायचे, ही सगळी लबाडी त्यांनी सभागृहापुढे उघडी केली. ज्याला वतन सोडायचे आहे त्याला जमीन ठेवून चाकरीतून मोकळे होता यावे, ही त्यांची मागणी. म्हणजे शाहू महाराजांनी दहा वर्षांपूर्वी केले तेच. बिलाची वाट लावण्यात आली आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा मुंबईचा कायदा १९५८ मध्ये झाला आणि १९५९ पासून अमलात आला. तोवर बाबासाहेब गेले होते.

योगायोग असा की १९१८ हेच वर्ष बाबासाहेबांच्या लहान शेतांवरील प्रसिद्ध निबंधाचेही आहे. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, त्यावर घालायला भांडवल, अवजारे, बैल किती आहेत यावर ठरते, असे त्यांनी त्यात दाखवले. आम्हाला गवताचा विचार करताना ही नजर फार उपयोगी वाटते. माळावर गवत जास्त आहे की कमी, हे माळावर ठरत नाही. कापायला विळे किती, वाहायला गाडी कुणाकडे, रचायला परडे कुणाला, खायला जनावर कुणाचे, यावर ठरते. भूमिहीनाच्या नजरेसमोर हिरवेगार माळ असते आणि त्याच्यासाठी त्यात गवत नसते.

गवताच्या मजुरीवर उभा राहिलेला सर्वात मोठा लढा मात्र आपला नव्हता, तो ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांचा होता. डहाणू, उंबरगाव, तलासरी भागातल्या जमीनदारांच्या गवताच्या गाठी बांधून मुंबईला तबेल्यांकडे जात. वारली लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या गडी झालेला. मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेनंतर वेठबिगारी मोडायला सुरुवात झाली आणि पावसाळा संपताच वारल्यांनी नेमकी कापणीच्या हंगामात नस पकडली. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा उचलणार नाही, असे ते म्हणाले. गवत वाट बघत नाही हे जमीनदारालाही ठाऊक होते आणि वारल्यांनाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर वारली मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मधून हा इतिहास मराठीत आला. लाल बावट्याशी आपले मतभेद आहेत, राहतील. पण गवत कापणाऱ्या हातांनी गवताचा भाव ठरवला, ही गोष्ट आपल्या अभ्यासवर्गांत शिकवली पाहिजे. तिथून पलीकडे पारडी तालुक्यात जमीनदार पिकाऊ जमिनीत गवतच ठेवत, कारण धान्यापेक्षा त्यात कटकट कमी आणि नफा जास्त. तिथे १९५३ पासून ईश्वरभाई देसाई आणि समाजवाद्यांनी खेत सत्याग्रह केला. म्हणजे गवत ही नेहमी गरिबाची गोष्ट असते असे समजू नका. माणसांना भाकरी नाही आणि शेतात विकायचे गवत उभे, हेही याच देशात झाले.

आपल्या चळवळीने जमिनीचा प्रश्न हातात घेतला तो दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली. १९५९ चा सत्याग्रह, आणि मग ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी सुरू झालेला देशव्यापी सत्याग्रह. लाखो माणसे तुरुंगात गेली, तान्ही मुले कडेवर घेऊन बाया गेल्या. संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, ही मागणी आणि पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी एकाच निवेदनात होती. तैलचित्र लागले. जमिनीचे काय झाले ते आपण जाणतो. महाराष्ट्रात १९७८ आणि १९९१ च्या शासन निर्णयांनी गायरानावरची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. १९९१ च्या निर्णयात मुदत होती १४ एप्रिल १९९०. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची निवडली आणि अंमलबजावणी तलाठ्याच्या दप्तरात ठेवली. मराठवाड्यात एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी लढून गायराने कसती केली, तिथे गावाने काय केले? उभ्या पिकात गुरे सोडली. ज्या गुरांच्या नावाने गायरान राखायचे म्हणतात, ती गुरे दलितांच्या पिकावर हत्यार म्हणून वापरली गेली.

न्यायालयांचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल सगळे दाखवतात. गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा, असे त्यात आहे. पण त्याच निकालात अपवादही लिहिला आहे. शासकीय आदेशाने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल, किंवा तिथे शाळा-दवाखाना असेल, तर नियमित करता येईल. हे वाक्य आमच्या तहसीलदारांना कुणी वाचून दाखवत नाही. दुसरीकडे जमीन महसूल अधिनियमात कलम २२-अ आहे. ते म्हणते की गायरान दुसऱ्या कामाला देता येणार नाही, पण सरकारी प्रकल्पाला देता येईल. आता सौर प्रकल्पांसाठी गायराने दिली जात आहेत. आमचा विजेला विरोध नाही. पण एका झोपडीने गुरांचा घास जातो आणि शेकडो पत्र्यांच्या सौर पॅनेलखाली तो जात नाही, हे गणित आम्हाला कुणी तरी शिकवावे.

इथपर्यंत आपल्या ओळखीचे आहे. आता जे बोलले जात नाही ते.

गायरानात जास्तीचे गवत आजही उगवते. त्याचे काय होते? अनेक गावांत पावसाळ्याच्या शेवटी ग्रामपंचायत त्या गवताचा लिलाव करते. दवंडी पिटली जाते किंवा फळ्यावर नोटीस लागते, अनामत भरायची असते, आणि बोली तोच लावतो ज्याच्याकडे रोख पैसा, ट्रॅक्टर आणि रचायला जागा आहे. बोली घेणाऱ्याने माळ राखायला माणूस ठेवला की मग त्या 'सामायिक' गायरानात भूमिहीन बाई विळा घेऊन गेली तर ती चोर ठरते. ज्या गावात लिलाव होत नाही तिथे गवत उभ्या उभ्या वाळते आणि शिमग्याच्या आसपास वणव्यात जाते. नवे गवत जोमाने येते म्हणून मुद्दाम पेटवणारेही असतात. दोन्ही प्रकारांत आपल्या वस्तीच्या वाट्याला पेंढीही येत नाही.

कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. १९६३ मध्ये जिल्हा सहकारी दूध संघ, म्हणजे आपले 'गोकुळ', स्थापन झाला. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल येते. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी पिळून धारोष्ण दूध देतात त्याचे कौतुक सगळ्या महाराष्ट्रात आहे. भूमिहीन कुटुंबालाही एक म्हैस हा मोठा आधार आहे, कारण डेअरीच्या काट्यावर फॅट बघतात, जात बघत नाहीत. निदान बघू नये अशी सोय तरी आहे. पण म्हशीला वैरण लागते. ज्याचा ऊस आहे त्याला हंगामात वाडे मिळते, ज्याचा शाळू आहे त्याला कडबा, ज्याचे भात आहे त्याला पिंजर. ज्याचे काहीच नाही त्याला काय? आमच्या भागातल्या वस्त्यांवर बैठक घेताना बायांना हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले असते. भांगलणीला जायचे, आणि काढलेले तण, बांधावरचे गवत किंवा उसाचा पाला संध्याकाळी भारा करून आणायचा. हा भारा फुकट नसतो. त्याच्यापायी मजुरी कमी घ्यावी लागते, मालक म्हणेल तेव्हा जावे लागते, दुसरीकडे जास्त हजेरी मिळत असली तरी हाच बांध धरून राहावे लागते, कारण तो तुटला तर म्हैस उपाशी राहील. बांधावर एकटीने जाणाऱ्या बाईला काय काय ऐकून घ्यावे लागते ते आम्ही इथे लिहीत नाही.

हे ऐकताना आम्हाला तराळाचा भारा आठवतो. तेव्हा गवत आणून द्यायची सक्ती होती. आता गवत मिळावे म्हणून सक्ती सोसावी लागते. १९१८ मध्ये जमीन आणि चाकरी यांची गाठ सुटली. वैरण आणि मजुरी यांची गाठ मात्र अजून बांधलेलीच आहे. आणि ती सोडवायचे साधन गावाच्या माळावर दर पावसाळ्यात उगवते, लिलावात जाते किंवा जळून जाते.

काही कार्यकर्ते म्हणतात, गुरे पाळणे हा गावगाड्यातच अडकून राहण्याचा मार्ग आहे, बाबासाहेबांनी शहराकडे चला असे सांगितले. सांगितले, हे खरे. पण त्यांनी जमीन सोडून द्या असे सांगितलेले नाही. १९४२ च्या नागपूरच्या परिषदेत सरकारी पडीक जमिनीवर आपली स्वतंत्र गावे वसवावीत असा ठराव झाला होता, आणि १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये शेतजमीन राज्याची करून जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी अशी योजना आहे. जी बाई आज वस्तीवर राहते आणि जिच्या मुलाची फी दुधाच्या बिलातून जाते, तिला शहराची वाट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गायरानावर घरे आणि शेती वाढली तर मेंढपाळ धनगरांनी, डोंगरातल्या गवळी धनगरांनी जायचे कुठे? हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्यांच्याकडेही सातबारा नाही आणि जंगल खात्याने त्यांनाही हाकलले आहे. घरांना लागणारी जमीन थोडी असते. बाकीच्या माळावर चराई आणि कापणी यांचा वाटा भूमिहीन आणि पशुपालक यांनी मिळून ठरवला पाहिजे. आपले भांडण मेंढीशी नाही. वीस जनावरांच्या नावाने वीस वाटे घेणाऱ्याशी आणि लिलावात अख्खा माळ उचलणाऱ्याशी आहे.

तर करायचे काय? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आत, गवत अजून हिरवे असताना, ग्रामपंचायतीला लेखी विचारावे की गायरान किती एकर शिल्लक आहे, मागच्या तीन वर्षांत गवताचा लिलाव झाला का, कितीला गेला, कुणी घेतला. गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणांची नोंद असते, तीही मागावी. त्यात कुणाची नावे आहेत आणि कुणाची नाहीत ते वाचताना पुष्कळ गोष्टी उघड होतात. लिलावाचा पैसा ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न आहे, आणि स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करणे बंधनकारक आहे, तेव्हा त्याचा हिशोब त्याच अर्जात मागता येतो. लिलावाऐवजी भूमिहीन बायांच्या बचत गटाला कापणीचा हक्क द्यावा असा ठराव ग्रामसभेपुढे ठेवता येतो. गट असेल तर मुरघासही करता येतो. फुलोऱ्यातले हिरवे गवत वाळवायची वाट न बघता कुट्टी करून, दाबून, हवाबंद पिशवीत भरायचे, म्हणजे पाऊस आडवा येत नाही आणि कसही टिकतो. कुट्टी यंत्र एकटीला परवडत नाही, दहा जणींना परवडते, आणि १५ टक्क्यांच्या निधीतून त्याची मागणी करायला काहीच हरकत नाही.

अर्जाची पोच घ्या, तारखेसह. दसऱ्यानंतर विचारले तर सांगतील की लिलाव होऊन गेला.